आधीच गरम असलेली बॅग

दुकानात नवं आलेलं गिऱ्हाईक एकटंच वरच्या खोलीत गेलं, की हमखास किंचाळायचं. त्याचा तरी काय दोष म्हणा! खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. आढ्याखालच्या दांडीवर स्लीपिंग बॅगा ओळीने टांगलेल्या, आणि खाली फळ्यांवर त्यातलीच एक आडवी, चांगली भरलेली. टोपड्याची दोरी आवळलेली आणि त्यातून फक्त एक नाक वर आलेलं. गिऱ्हाईक जागच्या जागी थिजायचं. मग ते नाक बोलायचं, "चपला बाहेर काढून या."

ही खुडूकमावशी. नाव दुकानाच्या मालकाने ठेवलेलं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी जशी जागची हलत नाही आणि जवळ येईल त्याला टोचते, तशीच ही बाई, असं त्याचं म्हणणं. मावशीला राग आला नाही. "कोंबडी तर कोंबडी," ती म्हणाली, "पण अंडी मालकाने घातलीयत, एवढंही सांगत जा गिऱ्हाइकांना." नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पाठीवर घर घेऊन डोंगर तुडवणाऱ्या लोकांना जे जे लागतं, ते सगळं त्या दुकानात मिळायचं, विकत आणि भाड्यानेही. तंबू, बूट, सॅक खालच्या मजल्यावर. पिसांच्या बॅगा वर, मावशीच्या ताब्यात. डोंगरातून परत आलेली बॅग ती टपात सौम्य साबणाने धुवायची. पिळायची नाही, तान्ह्या मुलाला उचलावं तशी दोन्ही हातांवर उचलायची. मग सुकवायच्या यंत्रात रबरी चेंडूंबरोबर फिरवायची आणि भिजून गोळा झालेली पिसं बोटांनी मोकळी करत बसायची. एवढं कोणीही शिकून करेल. पण त्यानंतर ती स्वतः त्या बॅगेत शिरून पडायची, ते दुसरं कोणी करत नव्हतं. अंग तापलं की गार जागा आपोआप कळते. तिथली पिसं सरकलेली असतात. तिथे खडूने खूण करायची, शिवण उसवायची, पिसं भरायची. मावशी पडून उठल्याशिवाय एकही बॅग जिना उतरत नसे.

आणि एक गोष्ट ती येईल त्याला ऐकवायची. लोकांना वाटतं, पिसं ऊब देतात. कसली देतायत! पिसांकडे स्वतःचं काहीही नाही. तुमची ऊब तुम्हालाच राखून ठेवतात, बस. रिकामी बॅग गारच असते, गारच असायला हवी. बॅगेत हात घालून कोणी म्हणालं, "ही जरा गरम वाटतेय हं," की मावशी म्हणायची, "अहो, ती तुमच्याच हाताची." हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे त्याच वाक्याने बाईची झोप उडवली.

हे पडून बघण्याचं खूळ तिला धाकट्या बहिणीमुळे लागलं होतं.

लहानपणी दोघी एकाच पांघरुणात झोपायच्या. धाकटीचे पाय बारा महिने गार. पांघरुणात शिरली की तिचं पहिलं काम म्हणजे दोन्ही तळवे थोरलीच्या पोटऱ्यांना चिकटवायचे. थोरली ओरडायची, "काढ गं मेले ते बर्फाचे गोळे!" धाकटी अगदी गरीब आवाजात म्हणायची, "थोडाच वेळ गं, ताई." तो थोडा वेळ काही संपायचा नाही. शेवटी ताई लाथ मारायची, धाकटी खुदूखुदू हसायची, आणि ताईला झोप लागते न लागते तोच पाय पुन्हा हजर.

मोठी झाल्यावर धाकटी डोंगरात माणसं घेऊन जायचं काम करू लागली. तिची बॅग ताईनेच निवडली, हाताने चाचपून, फुगवटा बघून. एवढ्यावर समाधान होईना म्हणून घरातली जुनी उशी उसवली आणि पायाकडच्या कप्प्यात आणखी पिसं भरली. बॅगेतली पिसं पांढरी, उशीतली करडी. आतल्या बाजूने दुहेरी दोऱ्याने शिवण घातली आणि म्हणाली, "आता तरी माझ्या पोटऱ्या सोड, बाई."

मग एका हिवाळ्यात वरच्या खिंडीत वादळ आलं. बरोबरची माणसं उतरली, धाकटी उतरली नाही. बर्फ वितळल्यावर सापडली ती बॅगेबाहेर. बॅग कुठेच नव्हती. वाऱ्याने उडाली असेल, असं सगळे म्हणाले आणि मोकळे झाले. पण असल्या थंडीत माणूस धडधाकट बॅग सोडून बाहेर कशाला येईल? मावशीच्या मनात ते रुतून बसलं. आपण हाताने बघून दिली, अंग घालून बघितलं नाही. कुठेतरी गार जागा राहून गेली असणार.

मागे धाकटीची मुलगी राहिली, रांगती. तिचा बाप आधीच दुसरा संसार थाटून बसलेला. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! त्या रांगत्या पोरीला मावशीने एकटीने वाढवलं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती. खुडूकचं एकुलतं एक म्हणून मालक त्या मुलीला पिल्लू म्हणायचा. पिल्लू कसलं! आता ती मावशीपेक्षा हातभर उंच होती आणि एका शाळेत मुलांना खेळ शिकवत होती. गंमत म्हणजे आईचं सगळं घेतलं, पाय तेवढे घेतले नाहीत. पिल्लूचे पाय म्हणजे निखारे. कडाक्याच्या थंडीतही दोन्ही पाय पांघरुणाबाहेर काढूनच झोपायची.

तर हे पिल्लू एके दिवशी जेवताना म्हणालं, "मावशी, सुट्टीत मी खिंडीत जाणार आहे. आम्ही मैत्रिणी मिळून. बर्फ असतानाच."

मावशीच्या हातातला घास हातातच राहिला. "कोणती खिंड?"

"तुला माहितीये कोणती."

"डोंगर काय कमी पडले जगात? तीच बरी सुचली!"

"आई जिथे झोपली शेवटची, ती जागा मला बघायचीय. तू नको म्हणालीस तरी जाणार. पण बॅग तू निवडून दे."

मावशीने भांडून बघितलं, अबोला धरून बघितला, मैत्रिणींच्या आयांनाही गाठून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आईसारखीच हट्टी. मग मावशीने एकच गोष्ट मनाशी धरली. पोरगी जाणार हे ठरलेलंच आहे, तर ती परत येईल अशी बॅग द्यायची. एकदा चुकलं, आता चुकून चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लू दुकानात आलं. मावशीने बॅगा काढून फळ्यांवर पसरल्या आणि एकेकीत पोरीला घालून बघायला सुरुवात केली. पहिली खांद्यात घट्ट. "पिसं दाबली गेली की मेली समज. फुगायला जागा हवी त्यांना." दुसरी ऐसपैस. "ही नको. रिकामी हवा तापवण्यातच तुझी रात्र जाईल." तिसरीच्या चेनीमागे पिसांची गादीच नव्हती, म्हणजे वारा थेट पाठीत. चौथीवरचा थंडीचा आकडा बघून पिल्लू खूश झालं, तर मावशीने चिठ्ठी उलटून दाखवली. "हा मोठ्ठा छापलाय ना, तो नुसता जीव टिकण्याचा आकडा. झोप लागण्याचा इथे कोपऱ्यात आहे, बारीक. झोपेचा बघायचा नेहमी."

"मला पायाशी उघडणारी हवी. पाय बाहेर काढता येतील अशी."

"पाय बाहेर काढलेस तर बोटं तिथेच ठेवून येशील! गप आत ठेवायचे."

मालक जिन्यातून डोकावला. "अंथरूण पाहून पाय पसरावे, पिल्लू! आमच्या धंद्याची म्हण आहे ती." कोणी हसलं नाही, म्हणून तो खाली गेला.

शेवटी मावशीने एक नवीकोरी बॅग बाजूला काढली. फुगवटा चांगला, मापात बसणारी, आकडाही भरवशाचा. पण पिल्लू तोवर खोलीच्या टोकाला गेलं होतं. तिथे जुन्या बॅगा टांगल्या होत्या. खिंडीच्या पायथ्याचं एक मुक्कामघर बंद पडलं, तेव्हा मालकाने तिथलं सामान पोत्यांनी उचलून आणलं होतं, त्यातल्या. मावशीने त्या धुऊन सुकवून टांगल्या होत्या, पडून बघायच्या राहिल्या होत्या. पिल्लूने एका विटक्या निळ्या बॅगेत कोपरापर्यंत हात घातला.

"मावशी, ही घेते. ही आधीच गरम आहे."

"ती तुझ्याच हाताची," मावशी सवयीने म्हणाली.

"अगं नाही. तू बघ ना."

मावशीने हात घातला. आत ऊब होती. उन्हात तापलेल्या कपड्याची कोरडी ऊब नव्हे. कोणीतरी आत्ताच उठून गेलं की अंथरुणात राहते तशी, जराशी दमट. यंत्रातून काढून तिला कितीतरी दिवस झाले होते. खोलीत ऊन येत नव्हतं. शेजारच्या बॅगेत तिने दुसरा हात घातला, ती गारढोण.

"ही नाही," मावशी म्हणाली. "ही अजून पास झालेली नाही."

पिल्लू गेल्यावर तिने ती बॅग फळ्यांवर पसरली. मग स्वतःलाच म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," आणि आत शिरली.

कुठल्याही बॅगेत शिरलं की आधी शहारा येतो, मग हळूहळू अंग तापतं. इथे शहारा आलाच नाही. ऊब आधीपासून तयार होती, खांद्यांना, पाठीला, पोटाला. इतकी छान की मावशीचे डोळे मिटायला लागले. आणि तेवढ्यात तिला गार जागा सापडली. एक नाही, दोन. दोन्ही पोटऱ्यांवर, एकेक. तिने खडूने खूण केली, बाहेर आली, उजेडात धरून कप्पे चाचपले. पिसं गच्च भरलेली होती.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा पडली. खुणा होत्या तिथे काही लागलं नाही. गार जागा आता वीतभर वर होत्या. मावशीने दातओठ खाऊन पुन्हा खूण केली. पिसं सरकतात हे खरं, पण ती खाली सरकतात आणि बॅग हलवली तर सरकतात. ही बॅग तर फळीवर तशीच पडून होती. तिने श्वास धरून पाय बाजूला घेतले. गार जागा क्षणभर मागे राहिल्या. मग त्या आल्या. पोटऱ्यांना पुन्हा चिकटल्या, आधी एक, मग दुसरी. टाचेकडे अरुंद, बोटांकडे रुंद.

मावशी बॅगेतून बाहेर कशी आली, हे तिचं तिलाच कळलं नाही. चेन अर्धी उघडली, अर्धी तशीच, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी. खाली मालक कोणाला तरी बुटाचं माप विचारत होता, तो रोजचा आवाज ऐकून तिचा जीव जरा थाऱ्यावर आला. तिने कातरी घेतली. काय असेल ते एकदा बघून टाकायचं. तिने पायाकडचा कप्पा आतून उसवला.

शिवण दुहेरी दोऱ्याची होती. पांढऱ्या पिसांच्या पोटातून करडी पिसं वर आली आणि तिच्या मनगटावर बसली.

त्या रंगाच्या बॅगा त्या काळात पैशाला पासरी मिळायच्या, म्हणून धुताना तिला संशयही आला नव्हता. उशीची पिसं हातात घेऊन तिने हुंगली. तिला रडू आलं, आणि रडता रडता भीती वाटली, आणि भीती वाटते याची लाज वाटली. बहीणच ती आपली. पण पिसं ऊब देत नाहीत, असलेली राखतात, हे तीच जगाला सांगत आली होती. रिकामी बॅग गरम आहे, याचा अर्थ बॅग रिकामी नाही.

तिने कप्पा पुन्हा शिवला, दुहेरी दोऱ्यानेच. बॅग कापडात गुंडाळून सगळ्यांच्या मागे टाकली आणि खाली येऊन मालकाला म्हणाली, "ती मुक्कामघरातली निळी बॅग सापडली कशी त्यांना? काही बोलले होते का?"

मालकाने डोकं खाजवलं. "त्यांच्या सामानखोलीत पडून होती म्हणाले. एक वाटसरू घेऊन आला होता, अर्धमेला. वादळात कोणी बाईने आपली बॅग त्याच्यावर घातली म्हणत होता. तापात बरळत असेल. नंतर निघून गेला, बॅग राहिली. का गं? फाटकी आहे का?"

"नाही," मावशी म्हणाली. "चांगली आहे."

इतकी वर्षं ती ज्या गार जागेवरून स्वतःला खात होती, ती जागा नव्हतीच. बॅग चांगली होती, म्हणूनच तर धाकटीने ती दुसऱ्याला दिली. मावशीला हायसं वाटलं, आणि लगेच संताप आला. वा गं वा! घरात रांगती पोर, आणि ही चालली दान करत!

पण पोरीला ती बॅग द्यायची नाही, हे तिने पक्कं केलं. आत कोण आहे ते कळलं होतं. ते काय मागतंय, ते कुठे कळलं होतं? गार पाय ऊब मागतात. पोटऱ्यांना चिकटले तेव्हा तिचे स्वतःचे पाय किती वेळ बधिर होते. खिंडीत, बर्फात, पोरीच्या अंगातली ऊब कोणी रात्रभर मागत राहिलं तर? तिने पिल्लूला सांगितलं, निळी बॅग विकली गेली.

पिल्लूला ते खोटं पटलं नाही. मावशी खाली असताना ती वर गेली, पसारा उपसला, आणि बॅग खांद्यावर टाकून जिन्यात उभी राहिली. "तू माझ्याशी खोटं बोललीस. आजवर कधी बोलली नव्हतीस."

मग मावशीने सांगितलं. सगळं. उशी, दुहेरी दोरा, वाटसरू. गार पायांचंही सांगितलं. पिल्लूने सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर ती वर गेली, बॅग पसरली आणि आत शिरली.

"काय करतेस! ऊठ!"

"थांब, मावशी."

"पोटऱ्यांना काही लागतंय का? गार?"

"काही नाही. सगळीकडे गरम आहे." पिल्लूचा आवाज झोपेने जड झाला होता. "कोणीतरी खांद्यावर नीट पांघरतंय असं वाटतंय."

आणि ती झोपली. भरदुपारी, बोलता बोलता, लहान मूल झोपतं तशी. पाय आत. निखाऱ्यासारखे ते पाय, ते पहिल्यांदाच आत राहिले होते. मावशी तिच्या उशाशी बसली. पोरीचा श्वास ऐकू येत होता, संथ. बॅग छातीवर वर होत होती, खाली होत होती. बघता बघता मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोरगी श्वास घ्यायची तेव्हा बॅग खाली जात होती. सोडायची तेव्हा वर येत होती. आत दोन श्वास होते, आणि ते एकमेकांना जुळत नव्हते.

उठवावं, ओढून बाहेर काढावं, बॅग जाळून टाकावी, असं सगळं मावशीच्या मनात येऊन गेलं. पण पोरीच्या चेहऱ्यावर असं सुख तिने कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं हाडं झिजवली, पण असं झोपवणं आपल्याला जमलं नाही, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि ते तिला लागलं. दुसरीकडे ती नवी बॅग होती, आकड्यांनी भरवशाची. आत कोणी नसलेली.

शेवटी तिने ठरवलं. मग बॅगेच्या टोपड्यावर वाकली आणि पोरीला जाग येणार नाही इतक्या हळू म्हणाली, "धाकटे, ही तुझीच आहे, मला माहितीये. घेऊन जा. पण परत आण. ऐकतेस ना? दोघी परत या."

'दोघी' हे तोंडातून कसं गेलं, याचा तिने तेव्हा विचार केला नाही.

पिल्लू निळी बॅग घेऊन गेलं. मावशी दुकानात येत होती, बॅगा धुवत होती, पण पडून बघणं तिने बंद केलं. मालकाने एकदा विचारलं, तर म्हणाली, "पाठ दुखते." मग खिंडीत अचानक थंडी उतरल्याची बातमी आली. अशी थंडी कित्येक वर्षांत पडली नव्हती म्हणे. फोन लागेना. मालक दुकान लवकर बंद करून मावशीजवळ बसून राहिला, आणि त्या माणसाने तेवढ्या वेळात एकही विनोद केला नाही, यावरूनच मावशीला काय ते कळलं. तिने मनातल्या मनात बहिणीला शिव्या घातल्या, विनवण्या केल्या, पुन्हा शिव्या घातल्या.

आणि एका सकाळी पिल्लू दारात उभं. ओठ फुटलेले, नाकाची कातडी सोललेली, पण सगळी बोटं जागेवर. मावशीने आधी ती बोटं तपासली, मग पोरीला पोटाशी धरलं, मग एक सणसणीत चापट मारली.

मैत्रिणींचे हाल झाले होते. वाऱ्याने तंबू फाटला, सगळ्या रात्रभर कुडकुडत बसल्या, दोघींना थेट दवाखान्यात न्यावं लागलं. "आणि मला घाम येत होता, मावशी. वादळात! मी चेन खाली केली की कोणीतरी वर ओढायचं. मला वाटलं, स्वप्नात आहे." ती हसली, पण अर्धवट. बोलताना मध्येच थांबून कुठेतरी बघत होती. जेवणही तिला जाईना. "झोपते जरा," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

मावशी बॅग घेऊन तडक दुकानात गेली. चप्पल काढली, बॅग फळ्यांवर पसरली आणि आत शिरली.

शहारा आला. बॅग गार होती. हळूहळू तापली, तिच्याच अंगाने, सगळीकडे सारखी. ती पाय हलवून बघत राहिली, या कुशीवरून त्या कुशीवर झाली, पोटऱ्या पुढे केल्या. काही आलं नाही. एकही गार जागा नसलेली, बिनचूक, चांगली बॅग होती ती. पास. मावशी टोपड्यात तोंड घालून हमसून हमसून रडली. पाय हवे होते तिला ते. आयुष्यभर लाथा मारल्या आणि आता हवे होते.

घरी आली तेव्हा दुपार कलली होती. आतल्या खोलीत पिल्लू भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून. मावशीचंही अंग मोडून आलं होतं. ती तशीच शेजारी आडवी झाली, पांघरुणाचं टोक अंगावर घेतलं आणि डोळे मिटले. पोरीच्या पायांकडे तिचं लक्षच गेलं नाही. ते पांघरुणाबाहेर नव्हते.

आधी एक आला, मग दुसरा. बर्फासारखे गार दोन तळवे येऊन तिच्या पोटऱ्यांना चिकटले.

ओठांवर ते जुनं वाक्य आलं, पाय लाथ मारायला आपोआप उचलला, आणि तिने तो तसाच खाली ठेवला. शेजारी पोरगी झोपेत वळली. तिच्या फुटलेल्या ओठांमधून अगदी गरीब आवाज आला.

"थोडाच वेळ गं, ताई."

या पोरीने तिला जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं. मावशी डोळे उघडे ठेवून पडून राहिली. परत कोण आलं, एक की दोघी, हे तिला तो चेहरा बघून कळलं असतं, पण मान वळवायचा धीर तिला झाला नाही. जाग आली की ती मावशी म्हणेल की ताई म्हणेल? मावशी म्हणू दे, देवा, मावशीच म्हणू दे, असं ती म्हणत राहिली. पण पाय मात्र तिने दूर केले नाहीत. दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरून ठेवले, आणि ते गरम होईपर्यंत हलली नाही.